वंचितची मतं काँग्रेसच्या मतांत मिळवली की जागा निघते का?

नांदेडकरीण यांचा प्रश्न:

मी मूळची नांदेडची, आता पुण्यात अकरावी-बारावीला गणित शिकवते. आमचे अण्णा जुने काँग्रेसवाले. २०१९ पासून त्यांचं एकच म्हणणं: "अशोकरावांना चिखलीकरांनी नाही पाडलं, वंचितनं पाडलं." आकडे त्यांना तोंडपाठ. भाजपचे प्रतापराव चिखलीकर ४,८६,८०६, काँग्रेसचे अशोक चव्हाण ४,४६,६५८, वंचितचे (म्हणजे प्रकाश आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीचे) यशपाल भिंगे १,६६,१९६. फरक चाळीस हजारांचा आणि भिंगेंची मतं त्याच्या चौपट. "आघाडी झाली असती तर..." यापुढचं लिहीत नाही, ज्यांच्या घरात असे अण्णा आहेत त्यांना ते माहीत आहे.

शेवटी सुट्टीत मी एक्सेल उघडलं. महाराष्ट्राचे ४८ मतदारसंघ, २०१९ चे निकाल. एका रकान्यात काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या उमेदवाराची मतं, शेजारी वंचितची, पुढे बेरीज. बेरीज विजयी उमेदवाराच्या वर गेली की तो मतदारसंघ पिवळा. नांदेड, परभणी, बुलढाणा, सोलापूर, सांगली, हातकणंगले आणि गडचिरोली-चिमूर पिवळे झाले. अण्णा खूश.

मी मात्र अकोल्याला अडकले. तिथे प्रकाश आंबेडकर स्वतः उभे होते. त्यांची २,७८,८४८ आणि काँग्रेसच्या हिदायत पटेलांची २,५४,३७० मिळवली तरी भाजपचे संजय धोत्रे (५,५४,४४४) वीस हजारांनी वर राहतात. म्हणजे जिथे वंचितची ताकद सर्वांत जास्त, तिथेच बेरीज हरते!

त्यात २०२४ आलं. नांदेडला आघाडी तर नाहीच, वर अशोकराव स्वतः भाजपमध्ये. वंचितच्या उमेदवाराला ९२ हजारांवर मतं पडली. माझ्या सूत्राप्रमाणे काँग्रेस आपटायला हवी होती. पण काँग्रेसचे वसंतराव चव्हाण ५९,४४२ मतांनी निवडून आले. (ऑगस्टमध्ये ते वारले. पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण अवघ्या १,४५७ मतांनी आले. तो आकडा तर मी शीटमध्ये घालायचंच टाळलं.)

तर प्रश्न असा: युती किंवा आघाडी झाल्यावर मतं खरंच एकमेकांना जातात का? जात असतील तर साधारण किती टक्के धरायची? बूथवर प्रत्यक्ष काम केलेलं कुणी असेल तर सांगा. 'लोकशाहीची थट्टा चाललीय' वगैरे प्रतिक्रिया नकोत, त्या अण्णा फुकटात देतात.

---

आकडेमोड यांचं उत्तर:

ताई, तुमचं सूत्र बरोबर आहे, तुम्ही वर्ष चुकीचं निवडलंत. १९९६, १९९८ आणि १९९९ या तीन निवडणुका शेजारी शेजारी मांडा. तीन वर्षांत तीन लोकसभा, माणसं तीच, पक्ष जवळपास तेच, बदलली फक्त जुळवाजुळव.

१९९६ ला भाजप १८, शिवसेना १५, काँग्रेस १५. १९९८ ला शरद पवारांनी रिपब्लिकन गट एकत्र आणून सोबत घेतले. काँग्रेस ३३, रिपब्लिकन ४, सेना ६, भाजप ४, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) १. आता गंमत बघा: सेना-भाजपची एकत्रित मतं १९९६ ला ३८-३९ टक्के होती, १९९८ ला ती वाढून ४२ च्या आसपास गेली. मतं वाढली आणि जागा ३३ वरून १० वर आल्या. समोरची फूट बुजली, एवढंच कारण. रिपब्लिकनांचे चौघे, म्हणजे अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, मुंबई उत्तर-मध्यमधून रामदास आठवले, अमरावतीतून रा. सु. गवई आणि चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, सर्वसाधारण जागांवरून लोकसभेत गेले. काँग्रेसची मतं त्यांना मिळाल्याशिवाय हे होणं शक्य नव्हतं.

वर्षभरात वाजपेयी सरकार एका मताने पडलं. इकडे पवार काँग्रेसबाहेर पडले आणि जून १९९९ मध्ये राष्ट्रवादी निघाली. दोन्ही काँग्रेस समोरासमोर लढल्या. दोघांची मिळून ५१ टक्के मतं, जागा १० अधिक ६. सेना-भाजपची ३८ टक्के, जागा १५ अधिक १३. निम्म्याहून जास्त महाराष्ट्राने ज्यांना मत दिलं त्यांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. निकालानंतर मुंबईत विलासरावांच्या सरकारात दोघे मांडीला मांडी लावून बसले ते वेगळंच.

२००९ च्या मुंबईचाही रकाना करा. मनसेने प्रत्येक मतदारसंघात लाखाहून जास्त मतं घेतली आणि सहाच्या सहा जागा काँग्रेस-राष्ट्रवादीला गेल्या. ईशान्य मुंबईत किरीट सोमय्या तीन हजारांच्या आत पडले.

याउलट २०२४ मध्ये महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एक-दीड टक्क्याहून जास्त फरक नव्हता, जागा मात्र ३० आणि १७. 'फर्स्ट पास्ट द पोस्ट' पद्धतीत (ज्याला सर्वांत जास्त मतं त्याची जागा) हे असंच होणार. मला विचाराल तर ७० टक्के ट्रान्सफर धरा आणि पुढे चला.

---

येरळाकाठ यांचं उत्तर:

सत्तर टक्के कुठून काढले ते आकडेमोड साहेबांनाच ठाऊक. मी खानापूर तालुक्यातला. वसंतदादा हयात असल्यापासून काँग्रेसचं बूथ सांभाळतोय, मतमोजणीला टेबलावर बसतोय. ताई, तुमचा सांगलीचा रकाना पिवळा झालाय, तो आधी पांढरा करा. का ते सांगतो.

२०१९ ला सांगलीत भाजपचे संजयकाका पाटील ५,०८,९९५, आघाडीचे विशाल पाटील ३,४४,६४३, वंचितचे गोपीचंद पडळकर ३,००,२३४. कागदावर बेरीज साडेसहा लाखांच्या जवळ, म्हणजे काका सव्वा लाखाहून जास्त मतांनी आडवे. पण हे तीन लाख कुणाचे होते? पडळकर २०१४ ची विधानसभा आमच्याच खानापुरातून कमळावर लढलेले. आटपाडी, जत, कवठे महांकाळ या पट्ट्यातला धनगर समाज त्यांच्यामागे गेला. त्यातल्या बऱ्याच घरांनी २०१४ च्या लोकसभेला काकांनाच मत दिलं होतं, तेव्हा काका दोन लाख ३९ हजारांनी आले होते. लोकसभा झाली, चार महिने गेले, पडळकर परत भाजपमध्ये आणि थेट बारामतीत अजितदादांसमोर उमेदवार. आता मला सांगा, २०१९ ला पडळकर उभेच राहिले नसते तर ते तीन लाख विशालदादांकडे आले असते की काकांकडे परत गेले असते? वस्त्यांवर बौद्ध आणि मुस्लिम समाजाची काही मतं वंचितला पडली, ती आमच्याकडं वळली असती हे मान्य. बाकीची तुमच्या एक्सेलात तुमची दिसतात, गावात ती तुमची नव्हती.

दुसरी गोष्ट एक्सेलात दिसतच नाही. त्या वर्षी आघाडीच्या वाटपात सांगली राजू शेट्टींच्या स्वाभिमानी पक्षाला सुटली. वसंतदादांचा नातू विशालदादा उमेदवार, पण पंजा मशीनवर नाही! मतदानादिवशी आमचं टेबल शाळेपासून हद्द सोडून एका वडाखाली. पोलचिट घेऊन आत गेलेली एक म्हातारी परत बाहेर आली आणि माझ्यापुढं उभी राहिली. "पंजा कुठं हाय रं? म्या वरनं खाली समदं बघितलं." तिला परत आत पाठवता येतंय का, कुणाला विचारायचं, तोवर दुसऱ्या पक्षाचा पोरगा हसत होता. मतदान न करताच ती घरी गेली. आयुष्यभर पंजा सोडून दुसरं बटण तिला ठाऊक नव्हतं. वरच्या लोकांनी मुंबईत बसून जागा सोडली, तेव्हा ही बाई त्यांच्या हिशोबात होती का?

आणि टेबल लावतं कोण? आघाडीत सगळा प्रश्न हाच असतो. आमच्या जिल्ह्यात वसंतदादा आणि राजारामबापू यांचं वैर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्यांच्या पुढच्या पिढ्या दोन वेगवेगळ्या काँग्रेसमध्ये. ज्या माणसानं कालच्या सोसायटीच्या निवडणुकीत तुमचं पॅनेल पाडलं, जिल्हा परिषदेला तुमच्या वहिनीविरुद्ध उमेदवार दिला, त्याला सांगायचं की यंदा लोकसभेला आमच्या घरोघरी चिठ्ठ्या वाट. तो वाटतो. दुपारी बारापर्यंत. नंतर त्याला ऊन लागतं. वर्षभर गावात एकमेकांच्या उरावर बसायचं आणि एका दिवसासाठी गळ्यात गळा घालायचा, हे नेत्यांना जमतं. कार्यकर्त्याला त्याच गावात राहायचं असतं.

आता २०२४. कोल्हापूर काँग्रेसला सोडलं म्हणून सांगली उद्धवसाहेबांच्या सेनेनं मागून घेतली. चंद्रहार पाटील आमच्याच तालुक्यातले, भाळवणीचे, डबल महाराष्ट्र केसरी, माणूस म्हणून वावगं काही नाही. पण सेनेची जिल्ह्यात ताकद किती? विटा-आटपाडीकडं जी काही होती ती अनिलभाऊ बाबर यांची, आणि ते शिंदेंबरोबर गेलेले. कागदावर चंद्रहार पैलवान महाविकास आघाडीच्या तिन्ही पक्षांचे अधिकृत उमेदवार. विशालदादा अपक्ष, चिन्ह लिफाफा. त्या दिवशी आमच्या गावात सेनेच्या मशालीच्या टेबलावर दोन पोरं आणि पाण्याचा जार. पलीकडं लिफाफ्याच्या टेबलाला बसायला खुर्ची मिळत नव्हती. गळ्यातलं पक्षाचं उपरणं घडी करून खिशात घातलेले कोण कोण त्या घोळक्यात होते, नावं घेत नाही.

मोजणीच्या दिवशीचं सांगतो. जाळीच्या अलीकडं आम्ही, पलीकडं अधिकारी. कंट्रोल युनिटचं सील दाखवतात, बटण दाबतात, आणि एकेका उमेदवाराचा आकडा पडद्यावर येतो. आपण आपल्या कागदावर टिपायचा. माझ्या शेजारी मशालीचा प्रतिनिधी होता, कॉलेजातला, व्यवस्थित रकाने आखून आलेला. पहिल्या पेटीला त्यांना १४, लिफाफ्याला तीनशेच्या वर. दुसरीला २२. त्यानं नेटानं तिसऱ्या फेरीपर्यंत टिपलं, मग पेनाला टोपण लावलं आणि मला म्हणाला, "काका, तुमचंच बघून लिहितो आता." शेवटी विशालदादा ५,७१,६६६, काका ४,७१,६१३, आणि तीन पक्षांच्या अधिकृत आघाडीला ६०,८६०. निवडून आल्यावर खासदार दिल्लीला गेले, काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं आणि काँग्रेसचे ९९ चे १०० झाले.

म्हणून माझं म्हणणं असं, की आघाडी दोन ठिकाणी होते. एक मुंबई-दिल्लीत, पत्रकार परिषदेत. दुसरी गावात, आणि ती मतदार परस्पर करतो. तुमच्या नांदेडचंच बघा. वंचित २०१९ लाही आघाडीबाहेर होती, २०२४ लाही बाहेरच. मग भिंगेंच्या वेळची १ लाख ६६ हजार मतं ९२ हजारांवर का आली? कुठल्या नेत्यानं जागावाटप केलं? मतदारानंच हिशोब केला की यंदा भाजपला पाडायचं असेल तर पंजा. राज्यभर हेच झालं. वंचित सात टक्क्यांवरून तीनच्या खाली आली.

अकोला मात्र वेगळं, ते ताईंनी बरोबर पकडलंय. बाळासाहेब (प्रकाश) आंबेडकरांना २०१९ ला २,७८,८४८, २०२४ ला २,७६,७४७. पाच वर्षांत दोन हजार इकडंतिकडं! ती माणसं त्यांची आहेत, ती कुठं जात नाहीत. बदललं ते बाकीचं. काँग्रेस अडीच लाखांवरून ४,१६,४०४ वर गेली, भाजप लाखभरानं खाली आली आणि तरी अनुप धोत्रे ४० हजारांनी आले. २०१९ ला अकोल्यात आघाडी करूनही उपयोग नव्हता. २०२४ ला केली असती तर जागा हमखास होती. एकच मतदारसंघ, तेच पावणेतीन लाख लोक, आणि उत्तर उलटं. यात सत्तर टक्के कुठं बसवायचे?

---

ऊसवाला यांचं उत्तर:

हातकणंगले पिवळं केलंय म्हणून लिहितोय. मी शिरोळ तालुक्यातला, स्वाभिमानीचा.

२०१९ ला शेट्टी साहेब ९६ हजारांनी पडले आणि वंचितच्या अस्लम सय्यदांना सव्वा लाखाच्या आसपास पडली, म्हणून 'वंचितनं पाडलं' म्हणतात. आम्हाला विचाराल तर आम्हाला आघाडीनंच पाडलं. २०१४ ला साहेब महायुतीत होते, काँग्रेसच्या कल्लाप्पाण्णा आवाड्यांना पावणेदोन लाखांवर मतांनी हरवलं. आम्ही कुणाविरुद्ध लढत होतो? साखर कारखानदारांविरुद्ध. ऊसदरासाठी गाड्या अडवल्या, टायरींची हवा सोडली, केसेस अंगावर घेतल्या. आणि पाच वर्षांनी त्याच कारखानदारांच्या मांडवात साहेब हार घालून बसलेले! आमच्या घरात माझ्या चुलत्यानं पहिल्यांदा साहेबांना मत दिलं नाही. "ज्याच्या काट्यावर माझा ऊस मारला जातोय त्याच्या शेजारी बसलेला माणूस मला नको," म्हणाला. हा माणूस वंचितकडं गेला नाही, तो सरळ शिवसेनेच्या धनुष्यबाणाकडं गेला. तो तुमच्या एक्सेलात कुठं धरणार?

२०२४ ला आम्ही एकटे. साहेबांचं म्हणणं होतं की आघाडीनं उमेदवार देऊ नये, बाहेरून पाठिंबा द्यावा. सेनेनं सांगितलं, मशाल घ्या. साहेब नाही म्हणाले. निकाल: शिंदेसेनेचे धैर्यशील माने जेमतेम १३ हजारांनी आले, मशालीचे सत्यजित पाटील दुसरे, साहेबांना १ लाख ७९ हजार. सगळे आम्हाला शिव्या घालतात की तुम्ही मतं खाल्ली. अहो, आम्ही मशालीवर गेलो असतो तर त्यातली निम्मी मतं मान्यांना गेली असती. आणि सेनेनं उमेदवार दिला नसता तर त्यांची किती मतं आम्हाला आली असती? शाहूवाडी-पन्हाळ्याकडं सत्यजित आबांना माणसं घरचा माणूस म्हणून मत देतात. ती आम्हा शिट्टीवाल्यांना कशाला देतील?

---

मरीनावरून यांचं उत्तर:

वरचं सगळं वाचून वाटलं की महाराष्ट्रात आघाडी नुकतीच शिकताहेत. मी चेन्नईत नोकरीला, बायको इथलीच, सासरे द्रमुकचे जुने सभासद. इकडे आघाडी हा निवडणुकीतला सर्वांत गंभीर कारभार असतो.

२००४ बघा. १९९९ ला द्रमुक भाजपबरोबर होता, २००४ ला तो काँग्रेसकडे आला. सोबत पीएमके, एमडीएमके हे इथले लहान पक्ष आणि दोन्ही कम्युनिस्ट. तमिळनाडूच्या ३९ पैकी ३९. अण्णाद्रमुक-भाजप शून्य. दिल्लीत काँग्रेस १४५, भाजप १३८, म्हणजे सातचा फरक. एकट्या तमिळनाडूने केंद्रातलं सरकार फिरवलं असं सासरे म्हणतात. ते थोडं जास्तच होतं, पण अगदी खोटंही नाही.

२०२४ ला उलट्या बाजूचा धडा. सप्टेंबर २०२३ मध्ये अण्णाद्रमुकने भाजपशी काडीमोड घेतला आणि विरोधी मतांचे दोन तुकडे झाले. विरुधुनगरला काँग्रेसचे माणिकम टागोर अवघ्या ४,३७९ मतांनी आले. दुसरा आला अण्णाद्रमुक आघाडीचा, विजयकांत यांचा मुलगा. तिसऱ्या भाजपच्या राधिका, त्यांना एक लाख ६६ हजार. धर्मपुरीत द्रमुक आणि पीएमके (आता भाजपबरोबर) यांच्यात २१ हजारांचा फरक, तिसऱ्या क्रमांकावर अण्णाद्रमुक पावणेतीन लाखांच्या वर. पुन्हा ३९ पैकी ३९. येरळाकाठ काका म्हणतील की मतं वळलीच असती कशावरून. धर्मपुरीत ते मलाही नक्की सांगता येणार नाही, कारण पीएमके आणि अण्णाद्रमुक यांचे मतदार गावपातळीवर एकमेकांना ओळखून आहेत. विरुधुनगरला मात्र मला शंका नाही.

पण मला खरं लिहायचंय ते काकांच्या त्या आजीबद्दल. इकडे यावर तोडगा काढलाय. लहान मित्रपक्षाचा उमेदवार मोठ्या पक्षाच्या चिन्हावर उभा करतात. २०१९ ला व्हीसीके या द्रमुकच्या लहान मित्रपक्षाचे दोन उमेदवार होते. रविकुमार विल्लुपुरममध्ये द्रमुकच्या उगवत्या सूर्यावर लढले आणि सव्वा लाखाहून जास्त मतांनी आले. पक्षाचे अध्यक्ष तिरुमावळवन चिदंबरममध्ये स्वतंत्र चिन्हावर, मडक्यावर लढले आणि ३,२१९ मतांनी कसेबसे निघाले. पक्ष तोच, आघाडी तीच, आणि ओळखीचं नाव तर मडक्यावरच होतं. याची किंमतही आहे. दुसऱ्याच्या चिन्हावर निवडून आलेला खासदार कागदोपत्री त्या पक्षाचा होतो, म्हणून स्वाभिमान असलेला नेता तयार होत नाही. शेट्टी साहेबांनी मशाल नाकारली त्यामागे हेच असणार.

---

नांदेडकरीण:

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं उत्तर अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सांगलीचं सांगलीपाशी, नांदेडचं वेगळं." म्हणजे पटलंय.

आकडेमोड, तुम्हाला एक विचारते. १९९८ ची तुमची बेरीज इतकी चोख बसली, तर २०१९ ला उत्तर प्रदेशात का नाही बसली? सपा आणि बसपा २०१४ ला वेगवेगळे लढून त्यांची मिळून ४२ टक्के होती. एकत्र आल्यावर वाढायला हवी होती ना?

---

आकडेमोड:

तिथे दोन गोष्टी झाल्या. सपा-बसपा-रालोद (राष्ट्रीय लोक दल) मिळून ३९ टक्क्यांवर आले, आणि भाजप एकटा ५० च्या जवळ पोचला. समोरचा निम्म्यावर गेला की आघाडी काही करू शकत नाही, अकोल्यात २०१९ ला जे झालं तेच तिथे राज्यभर झालं.

पण आतला हिशोब बघण्यासारखा आहे. बसपा शून्यावरून १० वर गेली, सपा पाचाची पाचच राहिली. कन्नौजला डिंपल यादव पडल्या, बदायूँला धर्मेंद्र यादव पडले. सपाची मतं बसपाच्या हत्तीला गेली, हत्तीची मतं सपाच्या सायकलला तितकी आली नाहीत, असा याचा अर्थ बरेच जण लावतात. मायावतींनी मात्र निकालानंतर उलटाच आरोप केला की यादवांची मतंच पूर्ण मिळाली नाहीत, आणि आघाडी मोडली. २०२४ ला बसपा एकटी, जागा शून्य. सपाने काँग्रेसला घेतलं, सपा ३७, काँग्रेस ६, भाजप ३३ वर. बसपाशिवाय! सत्तर टक्क्यांचा आकडा मी मागे घेत नाही, पण तो दोन्ही दिशांना सारखा लावू नका. आंबेडकरी मतदार नेत्याने सांगितलं तर मित्रपक्षालाही मत देतो, हे १९९८ ला दिसलं. उलट दिशेला आकडा निम्मा धरा.

---

येरळाकाठ:

निम्मा तरी धरला, आनंद आहे.

ताई, अण्णांना गप्प करायचं असेल तर मतदारसंघाच्या बेरजा सोडा आणि बूथनिहाय बघा. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर फॉर्म २० असतो, त्यात प्रत्येक केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मतं पडली ते येतं. २०१९ आणि २०२४ चे मुखेड आणि देगलूर विधानसभेचे आधी काढा. ज्या केंद्रांवर भिंगेंना २०१९ ला जास्त मतं होती, तिथं २०२४ ला पंजा किती वाढला आणि कमळ किती वाढलं ते शेजारी लिहा. दोन्ही वाढलेले दिसतील, फक्त कुठं काय जास्त ते बघायचं. भिंगेंची धनगर वस्तीतली मतं आणि बौद्ध वस्तीतली मतं एकाच वाटेनं गेली नसणार, असा माझा अंदाज आहे. तुम्हाला गावं माहीत आहेत, तुम्ही सांगू शकाल.

एक सांभाळा. ते कागद बहुतेक स्कॅन केलेले असतात, ओळी वाकड्या येतात. केंद्रांचे नंबर दोन निवडणुकांत बदललेले असतात, तेव्हा नंबर जुळवू नका, शाळेचं नाव जुळवा. आणि उमेदवारांचा क्रम दर वेळी वेगळा असतो, तो पहिल्या पानावरून उतरवून घ्या, नाहीतर 'नोटा'ची मतं भलत्याच्याच नावावर चढतील.